अकरा रकाने

वेबसाइटवालीनं फोनच्या पडद्यावर अंगठा वर सरकवला, मग आणखी वर, मग थांबून परत खाली आणला. धाकटा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिच्यासमोर उभा होता. सव्वा मिनिट होऊन गेलं होतं. त्याला इतका आनंद झाला होता की तो लपवायला खोटंखोटं खोकावं लागलं.

"नंबर टाकलेलाच नाही का?" तिनं विचारलं.

"आहे. शोधा."

"मी गिऱ्हाईक असते ना, तर एव्हाना दुसऱ्या दुकानाला फोन लावून मोकळी झाले असते."

"हेच," धाकटा म्हणाला. "हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ते दोघं कारखान्याच्या माळ्यावर होते. माळा म्हणजे लोखंडी जिन्यावरची फळ्यांची एक जागा. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या आणि झिजून बशीएवढी झालेली जुनी चाकं. खाली धार लावायचा कारखाना. शिंप्यांच्या आणि न्हाव्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, आणि मुख्य म्हणजे छापखान्यात कागदाचे गठ्ठे कापणारी लांबलचक पाती, हे सगळं इथं बोथट होऊन यायचं आणि चकचकीत होऊन जायचं. जेवणाची सुट्टी होती. दोन्ही कामगार बाहेर गेले होते आणि चाकं बंद होती. खाली आपल्या टेबलाशी दादा एकटाच, एका कात्रीवर वाकून बसला होता.

धाकटा म्हणजे काही पोर नव्हे. सत्तेचाळीस वर्षांचा होता, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण वर थोरला भाऊ बसलेला असला की माणूस मरेपर्यंत धाकटाच राहतो, आणि यानं ती गोष्ट कधी मनापासून माफ केलेली नव्हती. तरी इतकी वर्षं निभावलं. गेल्या वर्षभरात मात्र दोघांमधून विस्तव जात नव्हता. त्याच्या शर्टाच्या खिशात वकिलाकडून लिहून आणलेला वाटणीचा कागद होता. दादाला रस्त्याकडची खोली आणि लहान चाक, धाकट्याला मोठं चाक, कारखान्याचं नाव आणि फोनचा नंबर. तो कागद आज दादापुढे टाकायचा, हे त्यानं सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. फक्त त्याआधी एका जाणकार, तिऱ्हाईत माणसाच्या तोंडून त्याला वदवून घ्यायचं होतं, की धंदा बुडाला तो दादामुळे. त्यासाठी ही बाई बोलावली होती.

बाई चाळिशीची, बारीक, आणि फारशी गोड बोलणारी नव्हती. लहान दुकानदारांच्या वेबसाइट दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. आल्याआल्या तिनं सांगून टाकलं होतं की चहा नको, घरच्या भांडणात मला ओढू नका, आणि निम्म्या दुकानांना वेबसाइटपेक्षा अक्कल जास्त लागते. धाकट्याला ती एकदम पसंत पडली.

वेबसाइट दादानं स्वतः केली होती. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानंच विषय काढला होता, चांगल्या माणसाला काम देऊ म्हणाला होता. दादा म्हणाला, मी करतो. रविवारचे रविवार तो कुठून कुठून शिकत बसला आणि चार महिन्यांत केली. तेव्हा धाकट्याला जरा कौतुकही वाटलं होतं, ते आता आठवलं की त्याला स्वतःचाच राग यायचा. कारण त्यानंतर फोन यायचे ते हळूहळू थांबत गेले. पूर्वी सकाळी उसंत नसायची. 'आमचं पातं तीन फुटांचं आहे, घ्याल का?', 'उद्या मिळेल का?', 'माणूस पाठवता का?' असं चालू असायचं. आता फोन दिवसातून दोन-तीनदा वाजला तर वाजला. सगळ्यात मोठा छापखाना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानाकडे गेला होता. त्या दुकानाच्या धारेनं लोणीसुद्धा सरळ कापलं जाणार नाही, असं धाकट्याचं मत होतं आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

"सापडला," वेबसाइटवाली म्हणाली. "शेवटच्या पानावर, तळाशी. राखाडीवर राखाडी. आणि हा नंबर लिहिलेला नाहीये, हा फोटो आहे नंबराचा. त्यावर बोट ठेवलं तरी फोन लागणार नाही. माणसानं पेन घ्यायचं, कागद घ्यायचा, उतरवून घ्यायचं आणि मग फोन करायचा."

"लिहा," धाकटा म्हणाला.

तिनं वहीत लिहिलं. मग ती फॉर्मकडे वळली. त्यात अकरा रकाने होते आणि अकराच्या अकरा भरल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. पात्याची लांबी, रुंदी, जाडी, मागची धार कधी लावली, कुठं लावली, कागद कुठल्या जातीचा कापता, पत्ता, कोणत्या वेळी समक्ष येऊ शकाल. तेलकट हातांचा छापखान्यातला बाइंडर भर दुपारी हे कशाला भरेल, असं ती म्हणाली. धाकट्यानं तेही लिहायला लावलं. वर नकाशा नाही, रस्त्याच्या नावावर बोट ठेवलं तर काही होत नाही, आणि ठळक अक्षरात वाक्य आहे: 'फोनपेक्षा समोर बसून बोललेलं बरं.'

"बघितलंत?" धाकटा म्हणाला. "राजा आहे तो. लोकांनी दरबारात यायचं."

मग त्याला राहवलं नाही आणि तो सुटला. वेबसाइटचं सोडा, म्हणाला, प्रत्यक्ष दुकानात काय वेगळं आहे? सहा महिन्यांपूर्वी यानं टेबल फिरवून घेतलं. आता रस्त्याकडे पाठ करून बसतो. गिऱ्हाईक आत येतं तर त्याला दिसते याची पाठ. त्यानं टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचं, दाराकडे तोंड करून उभं राहायचं, मग साहेब बोलणार. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा न्हाव्याकडून आणलेला आरसा ठोकलाय. गिऱ्हाइकाला पाठ दाखवून स्वतःचं थोबाड बघत बसतो. आपण बोलत असताना मधूनच वळतो आणि चालायला लागतो, वाक्य पुरं करू देत नाही. काही विचारलं तर भलतंच उत्तर देतो. आणि काम? पात्याला टिचकी मारून ऐकायचं काम वडिलांच्या नंतर त्याचं. खणखणीत वाजलं तर पातं धड, बद्द वाजलं तर आत तडा. वीस वर्षं तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आता वर्षभर सगळी पाती माझ्या पुढ्यात टाकतो. 'तू वाजवून बघ.' मी काय त्याचा नोकर आहे?

वेबसाइटवालीनं हे सगळं ऐकून घेतलं, पण लिहिलं नाही. खाली बघितलं. दादाची पाठ दिसत होती, रुंद, किंचित पोक आलेली, आणि कोपर सारखं पुढंमागं होत होतं.

"ते मोठं चाक कोण चालवतं?" तिनं विचारलं.

"तोच. आणखी कोण? पंचवीस वर्षांत मला हात लावू दिला नाही. आमच्याकडे मोठ्या चाकाचा मान असतो. आमचे वडील म्हणायचे, मोठ्या चाकावर बसणाऱ्यानं कान उघडे ठेवायचे, पातं बरोबर टेकलंय की नाही ते आवाजावरून कळतं. मला लहान चाकावर बसवलं, कानात बोळे घालून. लहान मुलाला बसवतात तसं."

तिनं वही बंद केली आणि पेनचं टोपण लावलं. लिहून देते, म्हणाली, सहीसकट देते. पण मला एक गोष्ट पटत नाहीये.

"काय?"

"अनाडी माणसाच्या चुका सगळीकडे सांडलेल्या असतात. फोटो जड असतात, पान उघडायला युग लागतं, काय विकतो तेच कळत नाही. इथं तसं काहीच नाही. पान चटकन उघडतं. फोटो नेमके आहेत. काय काम करता, किती दिवसांत देता, सगळं पहिल्याच पानावर. माझ्याकडे पैसे मोजून केलेल्या वेबसाइटी येतात, त्या याच्यापुढे उभ्या राहणार नाहीत." तिनं फोन त्याच्याकडे वळवला. "फक्त फोनच्या वाटेवर काटे घातलेत. एकूण एक वाटेवर. चुकून नाही होत असं."

"मग?"

"ज्यानं हे केलंय त्याला गिऱ्हाईक हवंय. फोन नकोय."

"माज आहे तो," धाकटा म्हणाला.

ती म्हणाली की काल नुसता फॉर्म उघडून पाहिला, तेव्हा तिलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तिनं स्वतःच बाइंडर असल्याचं भासवून ते अकरा रकाने भरून पाठवले. नऊ मिनिटांत उत्तर आलं. दोन प्रश्न, दोन्ही शहाण्यासारखे, आणि शेवटी 'आपण सवडीनं या, मी दिवसभर जागेवरच असतो.' माजोरडा माणूस नऊ मिनिटांत उत्तर देत नाही, ती म्हणाली, माझा नवरासुद्धा देत नाही.

खरं तर इथं धाकट्यानं थांबायला हवं होतं. पण रागात असलेला माणूस हाती आलेलं काहीही रागाच्याच बाजूला ठेवतो. आत्तापर्यंत तो दादाला अडाणी आणि गर्विष्ठ समजत होता. आता त्याला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की हे सगळं ठरवून केलेलं आहे. दादानं एक एक वाट मुद्दाम बंद केली. धंदा आपल्यापुरता, आटोपशीर करून घ्यायचा, फोनवरून गिऱ्हाईक मिळवणाऱ्या धाकट्याला कंटाळून निघून जायला लावायचं, आणि मग एकट्यानं मोठ्या चाकावर राज्य करायचं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खिशातला कागद काढून तो जिन्याकडे निघाला.

"मला यात ओढू नका," वेबसाइटवाली मागून म्हणाली. "हा नंबर तरी बरोबर आहे का, तेवढं बघून मी निघते."

लोखंडी जिना दणदणत तो खाली आला. दादाची मान वर झाली नाही. मांडीवर फडकं, फडक्यावर शिंप्याची मोठी कात्री, आणि तो तेलाच्या दगडावर तिचं एक पातं घासत होता. वहिनीनं दिलेला डबा बाजूला तसाच होता. धाकटा त्याच्या पाठीमागे दोन हातांवर उभा राहिला.

"मुद्दाम केलंस ना?" तो म्हणाला.

दादा घासत राहिला.

"ती बाई सांगतेय. मी नाही. ती म्हणते चुकून असं होत नाही."

दादानं दगडावर तेलाचा थेंब सोडला. धाकट्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तो खाली गेला की त्याच्या बायकोमुलांना काय समजायचं ते समजायचं. तो म्हणाला की वडील गेले त्या दिवशी मला वाटलं होतं, ठीक आहे, दादा आहे. चुकलं माझं. मग जे माणूस मनातसुद्धा पुरतं उच्चारत नाही ते त्यानं उच्चारलं.

"त्यांच्याऐवजी तू जायला हवा होतास."

तो वाट बघत राहिला, दादा आता उठेल, कात्री फेकेल, कानफटात मारेल. दादानं पातं उजेडाकडे धरून पाहिलं, फुंकर मारली आणि पुन्हा दगडावर टेकवलं.

तेवढ्यात दादाच्या टेबलाच्या खणात कारखान्याचा फोन वाजायला लागला. वर माळ्यावरून वेबसाइटवाली नंबर तपासत होती. खण लाकडी, त्यात खिळे आणि डब्या, त्यामुळे फोन नुसता वाजत नव्हता, आदळत होता. धाकट्याला आधी वाटलं, बघा, हे असं. फोन टाळतोय. पण त्यानं आयुष्यभर दुकानदारी केली होती आणि फोन टाळणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. फोन टाळणाऱ्याचा हात एक क्षण तरी थांबतो, मान थोडी ताठ होते. दादाचा हात थांबला नाही. पूर्ण रिंग वाजून गेली. पुन्हा वाजायला लागली. हात त्याच लयीत पुढंमागं होत होता.

भिंतीला छापखान्याची तीन पाती टेकवून ठेवलेली होती, सकाळी धाकट्यानंच आणून ठेवलेली. धाकट्यानं त्यातल्या सगळ्यात लांब पात्यापाशी जाऊन नखानं टिचकी मारली. पातं धड होतं. त्याचा आवाज बंद कारखान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि बराच वेळ राहिला.

दादानं वळून बघितलं नाही.

धाकट्यानं पुन्हा मारली. मग त्यानं पात्यावर पंजा ठेवून आवाज बंद केला, उगाचच, जणू कुणी झोपलेलं उठेल.

"वाजतोय ना?" वेबसाइटवालीनं वरून विचारलं. त्यानं तिच्याकडे न बघता हात वर करून तिला गप्प केलं. फोन थांबला. थोड्या वेळानं ती जिन्यावरून जपून उतरली, वहीतला फाडलेला कागद धाकट्याला द्यायला पुढं आली, त्याचा चेहरा बघितला, आणि कागद आपल्याच पिशवीत घालून बाहेर पडली.

ती दारातून जाताना उजेड हलला असावा. दादानं मान वर करून आरशात पाहिलं. आरशात त्याला धाकटा दिसला आणि त्याच्या हातातला कागद दिसला. तो दचकला, पण लगेच सावरला. हे सावरणंही धाकट्यानं आज पहिल्यांदा पाहिलं.

"काय आहे ते?" दादा म्हणाला. नेहमीसारखंच, हुकूम सोडल्यासारखं, गरजेपेक्षा मोठ्यानं. "आण इकडे."

धाकट्यानं कागद दिला. देऊ नये असं हाताला वाटत होतं, पण दिला. दादानं चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. वाचायला तो पहिल्यापासून पक्का. एकेक ओळ बोटानं धरून त्यानं शेवटपर्यंत वाचलं, मोठ्या चाकाच्या ओळीवर बोट जरा थांबलं, मग पुढं गेलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. फडक्याला हात पुसून त्यानं पेन घेतलं.

"नीट लिहिलंय," तो म्हणाला. "फोन तुझ्याकडेच बरा. मोठ्या चाकाचं मात्र ऐक. त्यावर माणूस ठेव, तू बसू नकोस. सही कुठं करायची?"

धाकटा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. गेल्या सहा महिन्यांत तो त्या जागी एकदाही उभा राहिला नव्हता, हट्टानं राहिला नव्हता. दाराचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर आला, इतका की त्याला डोळे बारीक करावे लागले. समोर दादा, आणि दादाची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती, जरा खाली होती.

"कधीपासून?" धाकटा म्हणाला.

"काय कधीपासून?"

"कधीपासून चाललंय हे? मला सांगता येत नव्हतं? वहिनीला माहितेय ना? तिला माहितेय आणि मी काय मेलो होतो? सगळं गाव दुसरीकडे गेलं, मी लोकांच्या दारात जाऊन पाया पडत होतो, आणि तू अकरा रकाने घालत बसलास?" तो आता ओरडत होता, दोन्ही हात टेबलावर आपटत होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याचाही त्याला संताप येत होता.

दादानं पेन खाली ठेवलं. बराच वेळ तो त्या ओरडणाऱ्या तोंडाकडे बघत राहिला, अवघड कात्रीकडे बघावं तसा. मग चिडून म्हणाला,

"ओरडू नकोस. ओरडलास की तोंड वेडंवाकडं होतं तुझं. आधीच त्या मिशीतून निम्मं कळत नाही."

धाकट्यानं बाहीनं डोळे पुसले. दादाच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला, चार घड्या करून खिशात कोंबला, आणि गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून दादाच्या समोर, दाराकडे तोंड करून बसला. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी मिशी वर दाबून धरली आणि भांडण पहिल्यापासून सुरू केलं, हळू, एकेक शब्द सुटा करत.